डॉक्टरकाकांचा जर्मन

मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या त्या घरात वॉटर हीटरचीसुद्धा केस हिस्टरी होती. तळघरात हीटरच्या नळीला सुतळीने एक कार्ड बांधलेलं असायचं आणि त्यावर तारीखवार नोंदी असायच्या. 'पाणी कोमट. आवाज नाही.' 'पाणी गरम. दोन मिनिटं घरघर.' 'तीन दिवस उत्तम. कारण कळत नाही.' प्लंबर आला की डॉक्टरकाका आधी ते कार्ड त्याच्या हातात ठेवायचे. वाचून झाल्याशिवाय त्याला पाना बाहेर काढायची मुभा नव्हती. एका जानेवारीत आलेल्या प्लंबरने कार्डाकडे ढुंकूनही न बघता थर्मोस्टॅट गेलाय असं सांगून टाकलं. काकांनी त्याला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं आणि परत पाठवलं. पुढचे पाच दिवस बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात गार पाणी. काकू टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या बाईंकडे आंघोळीला जायच्या आणि मी युनिव्हर्सिटीच्या जिममध्ये. सहाव्या दिवशी दुसरा प्लंबर आला. त्याने कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं, जरा डोकं खाजवलं आणि थर्मोस्टॅट गेलाय असं सांगितलं. काका विजयी मुद्रेने आमच्याकडे वळून म्हणाले की याने वाचून सांगितलंय. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला.

काका जाऊन आता दोन वर्षं होतील. मी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहते. घरात काहीही बिघडलं की नवरा लगेच फोन उचलतो आणि मी म्हणते, थांब, आधी बघू तरी काय म्हणतंय ते. मग माझंच मला हसू येतं आणि काकांची आठवण येते. ती नुसती येऊन जात नाही, ठाण मांडून बसते.

मी त्यांची भाडेकरू होते. पीएचडीची पाच वर्षं त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत काढली. खोली बघायला गेले तेव्हा काकांनी नाव विचारलंच नाही. गाव विचारलं. अकोला म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून मी त्या घरात अकोला झाले. माझ्याआधी तिथे बेळगाव आणि त्याच्याही आधी चिपळूण राहून गेले होते. माणसाचं असो की दुखण्याचं, नाव शेवटी घ्यावं, असं काकांचं म्हणणं. आधी घेतलं की मग आपण माणसाकडे बघायचं सोडतो आणि नावाकडेच बघत बसतो. रोज सकाळी मी खाली आले की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काय अकोला, दात कसे आहेत?" पहिले काही दिवस मला वाटलं हे दातांचे डॉक्टर असावेत.

ते मनोविकारतज्ज्ञ होते. मूळचे मिरजेचे. तरुणपणी अमेरिकेत आले, मिशिगनच्या पार उत्तरेकडच्या एका सरकारी मनोरुग्णालयात लागले आणि ते बंद पडेपर्यंत तिथेच राहिले. निवृत्तीनंतर ॲन आर्बरला आले, कारण काकूंना थंडी कमी हवी होती. ॲन आर्बरला थंडी कमी आहे असं समजणारं दुसरं जोडपं मी पाहिलेलं नाही.

खोली बघायला गेले त्या दिवशी काकूंनी चहा देताना सहज विचारलं की भावंडं किती. मी म्हटलं, एकटीच. ते खोटं होतं. मला एक दादा आहे, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी बारावीत असताना तो पुण्याहून इंजिनिअरिंग अर्धवट सोडून घरी आला, कारण त्याला भिंतीपलीकडून माणसं बोलताना ऐकू यायची. मग डॉक्टर झाले, अंगारे झाले, पुन्हा डॉक्टर झाले. पाहुणे आले की दादाला मागच्या खोलीत बसवायचं, आणि कुणी विचारलं तर तो बाहेरगावी असतो असं सांगायचं, हे आईने मला शिकवलं. मी एक पायरी पुढे गेले. अमेरिकेत मला कोण ओळखत होतं? इथे मी त्याला नाहीसाच करून टाकला. घरी फोन करायचे तेव्हा आई-बाबांशी बोलायचे आणि दादा झोपला असेल ना, असं मीच म्हणायचे.

तर, काकांचा जर्मन. दिवाणखान्यात दाराच्या बरोबर समोर एका दाढीवाल्या गृहस्थाचा जुना काळा-पांढरा फोटो होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा जर्मन मनोविकारतज्ज्ञ, आधुनिक मानसोपचाराचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. काका त्याला 'म्हातारा' म्हणायचे. काकू म्हणायच्या की यांचं पहिलं लग्न त्या जर्मनाशी झालंय, मी दुसरी. एकदा सांगलीहून काकूंच्या एक आत्या येऊन राहिल्या होत्या. दाढी आणि करारी नजर बघून त्यांना हे कुणीतरी महाराज वाटले आणि सत्यनारायणाच्या दिवशी त्यांनी फोटोला हळद-कुंकू वाहिलं. काकांनी ते पुसू दिलं नाही. महिनाभर तो जर्मन कपाळाला कुंकू लावून आमच्याकडे रोखून बघत होता.

या म्हाताऱ्याची गोष्ट काका कुणालाही, कुठेही सांगायचे. त्याच्या आधी वेड म्हणजे वेड, सगळं एकाच पोत्यात. कोण ओरडतो, कोण गप्प बसतो, एवढ्यावर नावं पडायची. म्हाताऱ्याने प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड केलं. आज तो कसा आहे एवढंच नाही, पुढच्या वर्षी कसा होता, पाच वर्षांनी काय झालं, हे त्यावर लिहीत गेला. सुट्टीवर जाताना लोक मुलंबाळं नेतात, हा कार्डांची पेटी न्यायचा. त्यातून त्याला दिसलं की दुखणं एका दिवसात ओळखता येत नाही, त्याची अख्खी वाट बघावी लागते. त्याने पुस्तक लिहिलं ते आधी हातात मावेल एवढं होतं. मग दर आवृत्तीला तो स्वतःचंच जुनं खोडून नवं लिहीत गेला आणि पुस्तकाचे जाडजूड खंड झाले. काकांना याचंच सगळ्यात कौतुक होतं. स्वतःचं लिहिलेलं इतक्या वेळा खोडणारा मोठा माणूस दाखव मला, असं ते म्हणायचे.

ते खंड मुळातून वाचायचे म्हणून काकांनी साठी उलटल्यावर युनिव्हर्सिटीत जर्मनचा क्लास लावला. वर्गात सगळी वीस वर्षांची पोरं, आणि पहिल्या बाकावर कानटोपी घातलेले काका. त्यांचं जर्मन मिरजेच्या वळणाचं होतं. म्हातारा दारूचा कट्टर शत्रू होता, म्हणून डेट्रॉइटकडच्या मराठी मंडळींच्या पार्ट्यांना काका लिंबाच्या सरबताचा थर्मास घेऊन जायचे आणि वाइनचा ग्लास हातात धरलेल्या मोठमोठ्या सर्जन लोकांनाही आग्रहाने पाजायचे. त्यांच्यातल्या एकाने चेष्टेने विचारलं की काका, आमचंही कार्ड करता की काय. काका म्हणाले, "केलंय." तो पुन्हा त्यांच्या टेबलाकडे फिरकला नाही.

पण भक्ती आंधळी नव्हती. म्हातारपणी त्या जर्मनाने माणसांच्या वंशाबद्दल आणि रक्ताबद्दल फार वाईट लिहिलं होतं. ती पानं वाचायची वेळ आली की काका उठून फोटो भिंतीकडे तोंड करून लावायचे. मी विचारलं की आज काय झालं, तर उत्तर यायचं, म्हातारा शिक्षेवर आहे. कधी दोन दिवस, कधी आठवडा. शिक्षा संपली की काका स्वतः फोटो सरळ करायचे आणि काच पुसायचे.

दातांचा उलगडा मला पहिल्या हिवाळ्यात झाला. तो जर्मन तरुणपणी बाल्टिक समुद्राकडच्या एका गावात प्रोफेसर होता. तिथल्या रुग्णांची भाषा त्याला येत नव्हती. मधे दुभाषा लागायचा. काकांच्या मते त्याचं मोठेपण आणि त्याची चूक दोन्ही तिथेच जन्माला आली. ऐकू येत नाही म्हणून तो बघायला शिकला, आणि बघता येतंय म्हणून त्याने ऐकायचं मनावर घेतलं नाही. हे सांगताना काका थांबले आणि म्हणाले की मीही तेच केलं.

उत्तरेत तांब्याच्या खाणींवर कामाला आलेल्या फिनलंडच्या लोकांची वस्ती होती. काकांच्या वॉर्डात असाच एक म्हातारा खाणकामगार कित्येक वर्षं होता. त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. काका राउंडला गेले की तो खिडकीबाहेर बघत एकच वाक्य म्हणायचा. रोज तेच वाक्य, त्याच सुरात. जुन्या कागदांत लिहिलेलं होतं की हा निरर्थक बडबडतो, म्हणून काकांनीही महिन्याच्या महिन्याला लिहिलं: निरर्थक बडबड, बदल नाही. चौदा महिने लिहिलं. मग लॉन्ड्रीत एक नवी बाई लागली, तिचे आईवडील फिनलंडचे. ती चादरी ठेवायला वॉर्डात आली, त्याचं वाक्य ऐकलं आणि तशीच काकांकडे आली. म्हणाली, डॉक्टर, तो सांगतोय की त्याचा दात दुखतो.

दात काढला. त्याचं मूळचं दुखणं होतं तसंच राहिलं, पण पुढच्या आठवड्यात त्याने सफरचंद मागून खाल्लं. काका म्हणाले, "कार्ड मी अगदी नीट ठेवलं होतं गं. एकही महिना चुकवला नव्हता." हे बोलून ते उठले आणि अंगणातल्या खारींना दाणे टाकायला गेले. खारींचंही कार्ड होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की यांना दादाबद्दल सांगावं. मी सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात, एका रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. एका संस्थेत दादासाठी जागा मिळत होती. कायमची. तिथे एकदा ठेवलं की आयुष्यभराची सोय. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यात आता सुधारणा नाही. बाबा म्हणाले, "मी चौऱ्याहत्तरचा झालो. तू तिकडे. आमच्यामागे त्याला कोण बघणार? तुझं हो असेल तर फॉर्म भरतो." मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं म्हणजे विचार करायचा नव्हता. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आणि सुटल्यासारखं वाटलं याची इतकी भीती वाटली की मी तशीच जिना उतरून स्वयंपाकघरात गेले.

काकू पोह्यांना फोडणी घालत होत्या. काका टेबलाशी कार्डं लावत बसले होते. मी दारातच उभी राहून म्हटलं, "काका, मला एक भाऊ आहे."

काकूंनी गॅस बंद केला. काकांनी मान वर केली आणि विचारलं की मोठा की धाकटा. मग मी सगळं सांगितलं. मागची खोली, भिंतीपलीकडचे आवाज, एकटीच आहे म्हणून सांगितलं ते, आत्ताचा फोन. मला वाटलं होतं ते आजाराचं विचारतील. त्यांनी विचारलं की त्याला जेवायला काय आवडतं. लहानपणी शेवभाजी आवडायची, आताचं माहीत नव्हतं. त्याच्याशी शेवटचं कधी बोललीस, असं विचारलं. मी म्हटलं, तीन वर्षं झाली.

काका उठून दिवाणखान्यात गेले. फोटो भिंतीकडे वळवल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाले की सुधारणा नाही हे वाक्य मूळ त्या म्हाताऱ्याचं. त्याने एका दुखण्याला 'अकाली बुद्धिनाश' असं नाव दिलं आणि नावातच शेवट लिहून टाकला. नंतर त्यालाही शंका आली, पण तोवर वाक्य जगभर गेलं होतं, ते अकोल्यापर्यंत पोचलं. मग त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"न पाहिलेल्या माणसाबद्दल मी काही सांगणार नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही तरी त्याला कुठे बघताय? बाबांना म्हणावं सहा महिने थांबा. एवढंच माग त्यांच्याकडे."

सहा महिन्यांत मी काय करायचं तेही त्यांनी ठरवून दिलं. दर रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे तिकडच्या रात्री आठला, दादाला फोन करायचा. आजाराबद्दल एक शब्द काढायचा नाही. गोळ्या घेतल्यास का, असं तर मुळीच विचारायचं नाही. तो काय बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. मला काय वाटलं ते लिहायचं नाही. कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. मी म्हटलं, तो बोललाच नाही तर? तर तसं लिही, ते म्हणाले. घाई तुला आहे, दुखण्याला नाही.

बाबा थांबायला तयार झाले, पण नाखुषीने. जागा हातची गेली तर जबाबदारी तुझी, असं म्हणाले. ते बरोबरच होतं.

पहिल्या रविवारी दादा म्हणाला, "हं." दुसऱ्या रविवारी, "हं. कुत्रा भुंकतोय. ठेवू?" तिसऱ्या रविवारी तो फोनवर आलाच नाही. चौथ्या रविवारी मी वांग्याचं भरीत कसं करतात ते आईला विचारायचं निमित्त करून त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "भाजतात." त्याचा आवाज जड होता, जीभ सुजल्यासारखा. मी कार्ड घेऊन खाली जायचे, काका वाचायचे, परत द्यायचे. शाबासकी नाही, सल्ला नाही. एकदा मी चिडून म्हटलं की काका, काही होत नाहीये. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, मोजला आणि म्हणाले की सहाच तर झालेत, खारसुद्धा सहा दिवसांत हातावर येत नाही.

नवव्या रविवारी दादाने पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं. "तिकडे बर्फ पडतं तेव्हा आवाज येतो का?"

तीन हिवाळे काढले होते, पण कान देऊन कधी उभी राहिले नव्हते. बघून सांगते म्हटलं. त्या आठवड्यात बर्फ पडायला लागलं तसे काका मला हाक मारून अंगणात घेऊन गेले. आम्ही दोघं कानटोप्या काढून दहा मिनिटं उभे राहिलो. काकू खिडकीतून बघत होत्या. पुढच्या रविवारी मी दादाला सांगितलं की बर्फाचा आवाज येत नाही, उलट बाकीचे आवाज कमी होतात. त्याने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मग चांगली जागा आहे." फोन ठेवल्यावर मी जिन्यात बसून रडले, आणि ते कार्डावर लिहिलं नाही, कारण मला काय वाटलं ते लिहायचं नव्हतं.

फेब्रुवारीत मी एका कॉन्फरन्सला कॅलिफोर्नियात होते. वेळेच्या घोळात रात्री एकलाच जाग आली आणि मी फोन केला तेव्हा अकोल्यात दुपार होती. दादा चक्क बोलला. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीबद्दल, शेजारच्या मुलाच्या सायकलबद्दल, पाच-सात मिनिटं, स्वच्छ आवाजात. परत आल्यावर काकांनी सगळी कार्डं टेबलावर ओळीने लावली. रात्री आठचे फोन एका बाजूला, आणि मधे एकटा दुपारचा. मलाही दिसलं, संध्याकाळच्या गोळीनंतरचा आवाज जड, त्याआधीचा मोकळा. काका म्हणाले की मी औषधाबद्दल काही बोलणार नाही, तो माझा रुग्ण नाही. हे सगळं जसंच्या तसं लिहून काढ, बाबांना नव्या डॉक्टरकडे घेऊन जायला सांग, आणि शेवटचं औषध कधी बदललं होतं एवढं विचारायला सांग. बाबा दादाला नागपूरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टर बाईंनी माझी पानं शेवटपर्यंत वाचली. औषध सहा वर्षांत कुणी बदललं नव्हतं. त्यांनी ते हळूहळू कमी केलं, मग दुसरं दिलं.

दादा बरा झाला असं मी म्हणणार नाही. आवाज अजून येतात, पण लांबून येतात असं तो सांगतो. मे महिन्यात बाबांनी तो फॉर्म परत नेऊन दिला. त्यानंतर वर्षभरात इमारतीचा पाण्याचा पंप दादाकडे आला. सकाळी सहाला चालू करायचा, टाकी भरली की बंद. आजवर एकदाही टाकी वाहिलेली नाही. आई आता त्याला पाहुण्यांसमोर बसवते. कधी कधी तोच उठून जातो, कारण पाहुणे कंटाळवाणे असतात.

एका रविवारी काकांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि दादाला थेट विचारलं की दात कसे आहेत. दादा म्हणाला, डावीकडची एक दाढ हलतेय. मग ते दोघं पाऊण तास बोलत बसले आणि मी लॅबला उशिरा गेले. मला वाटलं काकांनी एकदा आवाज ऐकून घेतला, झालं.

मग पीएचडी संपली, न्यू जर्सीत नोकरी लागली. निघायच्या दिवशी काकूंनी मेथीचे ठेपले बांधून दिले. काका बाहेरच आले नाहीत, तळघरात काहीतरी काम काढून बसले. मी खाली जाऊन नमस्कार केला तर म्हणाले की आता वरची खोली कोल्हापूरला देणार आहे. पुढे माझं लग्न ठरलं, तेव्हा मी पहिल्याच भेटीत त्या मुलाला दादाबद्दल सांगितलं. हे काकांना फोन करून कळवलं. ते फक्त "बरं" म्हणाले, पण काकू मागून सांगत होत्या की हे डोळे पुसतायत.

आणि मग मी पुन्हा तीच झाले, हे कबूल करायला हवं. काकांना आधी आठवड्याला फोन व्हायचा, मग महिन्याला. दादाचा रविवार मी सोडला नाही, पण तो गाडी चालवताना उरकायला लागले. काका गेले त्याआधीचे चार महिने मी त्यांना एकही फोन केला नव्हता. प्रोजेक्ट होता, डेडलाइन होती, कारणांना काय तोटा. पुढच्या आठवड्यात नक्की, असं म्हणत राहिले.

एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळी काकूंचा फोन आला. काका गुरुवारी पहाटे झोपेतच गेले होते. सोमवारी दहन होतं. काकूंचा आवाज स्थिर होता. मी काय काय बोलले आठवत नाही. नवऱ्याने विमानाची तिकिटं बघायला घेतली आणि मी नुसती उभी होते. रडू येत नव्हतं. न केलेल्या फोनचे चार महिने तेवढे डोक्यात होते. काही सुचेना तेव्हा मी दादाला फोन लावला. शनिवारी मी कधीच करत नाही, तरी त्याने पहिल्या रिंगला उचलला.

"दादा, डॉक्टरकाका गेले."

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

मग त्याने सावकाश, त्याच्या पद्धतीने थांबत थांबत सांगितलं. काका दर गुरुवारी त्याला फोन करायचे. पहिल्यांदा बोलले त्याच्या पुढच्याच आठवड्यापासून, म्हणजे चार वर्षं. मी विचारलं की काय बोलायचात. तो म्हणाला, काही नाही, ते त्यांच्या हॉस्पिटलमधल्या माणसांचं सांगायचे, मी माझं सांगायचो. मला का नाही सांगितलंस, म्हटलं. तू विचारलं नाहीस, म्हणाला. या गुरुवारी फोन आला नाही. त्याने अर्धा तास वाट बघितली आणि स्वतः लावला. काकूंनी उचलला. घरात माणसं जमली होती. तेव्हापासून दोन दिवस तो सकाळ-संध्याकाळ काकूंना फोन करत होता.

काकू मला लगेच कळवणार होत्या. दादाने त्यांना थांबवलं होतं.

"मी म्हटलं, आज नको," तो म्हणाला. "ती गाडीत असते, नाहीतर ऑफिसात एकटी असते. शनिवारी सकाळी नवरा घरी असतो. तेव्हा सांगा."

इतकी वर्षं मी समजत होते की सांभाळणारी मी आहे.

"तू रडलीस का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, नाही.

"मग रड," दादा म्हणाला. "मी फोन ठेवत नाही."